अर्ध्या किलोचा प्रश्न : बाजारहत्नूरच्या विद्यार्थ्यांचा जाहीरनामा

आम्ही तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूर मंडलातले विद्यार्थी. आमच्यातले कुणी इंटरला आहेत, कुणी डिग्रीला, कुणी बी.एड.ला. कुणी सकाळच्या बसने बोथला, इच्चोड्याला जातात, कुणी आदिलाबादच्या हॉस्टेलात राहतात, कुणी पैनगंगा ओलांडून किनवटला, नांदेडला शिकतात. घरी आम्ही मराठी बोलतो, गोंडी बोलतो, लंबाडी बोलतो, तेलुगू बोलतो, दखनी बोलतो. पेपर मात्र तेलुगूत नाहीतर इंग्रजीत लिहितो. आमच्यापैकी अनेकांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले आम्ही पहिलेच. म्हणून या शिक्षणाने आमच्या माणूसपणाचे काय केले, हे विचारण्याचा पहिला हक्क आमचा आहे, आणि तो आम्ही आज बजावतो आहोत.

काय बिघडले आहे ते आधी सांगतो. सुरुवात परक्याच्या दारापासून करत नाही, आपल्याच ओट्यापासून करतो.

कापूस फुटला की आमच्या भागात संध्याकाळी काटा टांगला जातो. दिवसभर वेचणी केलेल्या बाया आपापली गाठोडी पुढ्यात घेऊन बसतात. मजुरी किलोमागे ठरलेली असते. घरात शिकणारे पोर असते, म्हणून वही त्याच्या हातात येते. काटा साडेतेवीसवर थांबतो. घरातले मोठे माणूस म्हणते, “तेवीस लिही.” गाठोड्याच्या फडक्याचे वजन, दवाचे वजन, काडीकचऱ्याचे वजन, कारण काय, ते दरवर्षीचे ठरलेले आहे. पोर तेवीस लिहिते. समोरची बाई काही बोलत नाही. तिला आकडा कळत नाही असे आपण धरून चालतो. तिला तो नीट कळतो. उद्याचे काम हवे असते म्हणून ती पदर सारखा करते आणि पुढच्या बाईला जागा देते.

पंधरा दिवसांनी तोच कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतो. तिथे कडता, म्हणजे वजनातली कपात, आमच्या बापाच्या मालाला लागतो. त्या रात्री घरात शेतकऱ्यावरच्या अन्यायाची चर्चा होते, आणि ती खरीच असते. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारला जातो, हे आम्हाला तोंडपाठ आहे. आपल्यावरचा अन्याय आम्हाला दशांश चिन्हापर्यंत मोजता येतो. आपण केलेला अर्धा किलोही नजरेत भरत नाही.

तो पोरगा वाईट नाही. तो वर्गात पहिला येतो, आईचे पाय दाबतो, सप्ताहात टाळ धरतो. तेवीस लिहिताना त्याने बरे-वाईट तोलून वाईट निवडले, असे काही घडलेच नाही. तिथे निवडण्यासारखे काही आहे, हेच त्याला जाणवले नाही. आमची सगळी चळवळ या न जाणवण्याविरुद्ध आहे.

जेम्स रेस्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नैतिक वागण्याचे चार भाग सांगितले. समोरच्या प्रसंगात कुणाचे तरी भले-बुरे अडकले आहे हे दिसणे, योग्य काय ते ठरवणे, इतर मोहांपेक्षा त्या योग्याला वर ठेवणे आणि शेवटी ते तडीस नेणे. त्याने पहिल्या भागाला नैतिक संवेदनशीलता म्हटले. पहिलेच हुकले तर पुढच्या तिघांना काम उरत नाही. आणि आमच्या शिक्षणात पहिल्याची सवय कुणी लावत नाही, परीक्षा तेवढी दुसऱ्याची होते.

परीक्षेवरून आठवले. तेलंगणात इंटरच्या पहिल्या वर्षाला नीतिमूल्यांचा वेगळा पेपर असतो. त्यात पास व्हावेच लागते, पण त्याचे गुण एकूण बेरजेत धरले जात नाहीत. पेपर असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गोष्टीचे गुण मोजायचे नाहीत तिच्याकडे मुले कशी पाहतात, हे आमच्याकडून ऐका: आदल्या रात्री चाळायची गोष्ट. प्रामाणिकपणा म्हणजे काय, यावर आम्ही पाच ओळी लिहू शकतो. सत्याचे फायदे सांगा म्हटले तर चार मुद्दे देऊ शकतो. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर आम्ही आणि आमचे पालक दरवर्षी सही करतो. शेजारच्या खोलीत नव्या मुलाला त्याच्या बोलीवरून रडकुंडीला आणले जात असते, तेव्हा ती सही उठून दार ठोठावत नाही.

मग संवेदना घडते कशाने, आणि मरते कशाने? आम्ही यावर वाचले, भांडलो, आणि काही गोष्टींवर आमचे एकमत झाले.

घाई संवेदना मारते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीत बोलायला निघाले होते. काहींचा विषयच बायबलमधला चांगला शोमरोनी होता, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलणारा वाटसरू. त्यांच्याही वाटेत एक माणूस कण्हत बसवलेला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यातले १० टक्के. शोमरोनीवर बोलायला निघाल्याने फारसा फरक पडला नाही. उद्याचे धर्मगुरू होते ते! आमच्या वयाला सध्या सगळी घाईच लावलेली आहे: शेवटची बस, एंट्रन्स, सरकारी नोकरीच्या ग्रुप परीक्षा, ‘अमक्याचा पोरगा लागला, तू कधी’. आम्हाला कठोर म्हणणाऱ्यांनी आधी आमचे वेळापत्रक पाहावे.

संगत संवेदना घडवते आणि बिघडवते. डोनाल्ड मकेब आणि लिंडा त्रेविनो यांनी अमेरिकेतल्या हजारो विद्यार्थ्यांना कॉपीबद्दल विचारले. १९९३ साली त्यांनी जे मांडले त्यात सर्वांत वजनदार ठरले ते बरोबरीच्या मुलांचे वागणे. शिक्षेची भीती त्याच्या मागे होती. आमच्या आज्यांना हे ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीतून ठाऊक होते. पण म्हण ऐकून आपण पवळ्याला दोष देतो आणि मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की बाजूला कोण बांधायचे, हे ठरवणे आमच्या हातात आहे. एकट्याने कॉपी न करणे हे शौर्य आहे, आणि शौर्य दर सहामाहीला जमत नाही. दहा जणांनी न करणे ही सवय होते.

आणि मोठ्यांचा हात संवेदना घडवतो. तोंड नव्हे, हात. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. क्रम तो होता, म्हणून लोकांनी ऐकले. आम्हाला वही देणारा हातच जर तेवीस लिहायला सांगत असेल, तर कॉलेजातले कुठलेही व्याख्यान त्याच्यापुढे टिकणार नाही.

आमच्याच जुन्या हैदराबाद संस्थानात याचा पुरावा आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली. मुले हटली नाहीत. लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोहोचले. शेकडो मुलांची नावे पटावरून निघाली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. वर्ष वाया जाईल, घरचे काय म्हणतील, हे प्रश्न त्या मुलांनाही होतेच. पण ती एका छपराखाली राहत होती, एका पंगतीला जेवत होती, आणि भोवती किंमत मोजणारे शिक्षक दिसत होते: अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ त्याच वर्षी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. आदिलाबाद त्याच संस्थानाचा जिल्हा होता. तो वारसा आमचाही आहे.

पण वारसा सोयीपुरता घेणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. विरोधात जे आंदोलन पेटले त्यातही कॉलेजची मुले होती. दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. त्याच पिढीतली दुसरी मुले नामांतरासाठी तुरुंगात गेली, १९७९ च्या लाँग मार्चमध्ये चालली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत त्यांचे केस पिकायला लागले होते. विद्यापीठ एकच, पुस्तके तीच. शिक्षण माणसाला आपोआप चांगले करते, या भाबडेपणाला १९७८ नंतर जागा उरलेली नाही. फरक पडला तो कुणाच्या वेदनेशी कुणाची ओळख होती यावरून.

आमच्या जिल्ह्यातही हे घडून गेले आहे. २०१७ च्या डिसेंबरात उटनूर भागात लंबाडांच्या अनुसूचित जमातीतल्या समावेशावरून आदिवासी आणि लंबाडा यांच्यातला ताण पेटला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. त्या वादातल्या हक्कांच्या प्रश्नावर आमच्यात आजही दोन मते आहेत आणि ती आम्ही लपवत नाही. पण फोनवर आलेले पुढे ढकलणारे बोट बहुतेक वेळा तरुणाचे असते, याबद्दल आमच्यात एकच मत आहे.

आता आशेची गोष्ट, आणि तीही इथलीच. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ निजाम सरकारच्या काळात गोंडांमध्ये राहिले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाईला, म्हणजे आजच्या आसिफाबाद जिल्ह्यातल्या जैनूर मंडलात, गोंड तरुणांना शिक्षक बनवणारे केंद्र सुरू झाले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण थोडेफार वाचता येणारे जे मोजके गोंड तरुण होते ते मराठी वाचत होते. अक्षरओळख जेमतेम झालेल्या त्या मुलांना सांगितले गेले की आता तुम्ही तुमच्या गावाचे मास्तर. आणि ते झाले. हैमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी यांचे १९८७ मध्ये निधन झाले, त्यांना मारलवाईत पुरले; हैमेनडॉर्फ यांच्या अस्थीही पुढे तिथेच आणल्या गेल्या. लोकांनी त्यांना अजून आपले मानले आहे. आम्हाला त्यांच्यापेक्षा त्या पहिल्या पोरांचे जास्त वाटते. त्यांच्यावर जबाबदारी आधी टाकली गेली, लायकीचा दाखला नंतर आला.

म्हणून आम्ही मानतो की संवेदना सांगून येत नाही, सोपवून येते. ज्याच्यावर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे, त्याला दुसरा दिसू लागतो. बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत साठच्या दशकाच्या अखेरीपासून मुलांच्या हातात आधी कुदळ दिली गेली. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’नेही तरुणांना गावातल्या खऱ्या प्रश्नासमोर उभे केले. आम्हाला चंद्रपूर-गडचिरोलीला जाण्याची गरज नाही. आमच्याकडे काटा आहे, हॉस्टेल आहे, दवाखाना आहे.

आम्ही मानतो की ओळख असल्याशिवाय करुणा टिकत नाही. आमच्यात पाच भाषा आहेत आणि प्रत्येक भाषेत बाकीच्या चारांसाठी एक तरी हिणवणारा शब्द आहे. तो शब्द आम्हाला आधी येतो, त्यांची भाषा कधीच येत नाही.

आम्ही मानतो की घर हे नीतीचे पहिले कॉलेज आहे, आणि तिथला सर्वांत जुना अन्याय बहिणीवरचा आहे. भावाच्या दुसऱ्या डिग्रीला पैसे निघतात आणि बहिणीच्या बसपासला निघत नाहीत. घरात फोन एक असला की तो भावाचा असतो. हे वाक्य लिहिताना आमच्यातले मुलगे थोडे चुळबुळले. मुलींनी ते खोडू दिले नाही.

आता आम्ही काय करणार ते ऐका.

या वर्षीच्या पहिल्या वेचणीपासून, ज्या घरात आमच्यापैकी कुणाच्या हातात वही आहे, तिथे काट्याचा आकडा मोठ्याने वाचला जाईल, वेचणाऱ्या बाईच्या भाषेत वाचला जाईल आणि जसा आहे तसा लिहिला जाईल. फडक्याचे वजन धरायचे असेल तर फडके वेगळे तोलायचे. बाईच्या हातात तारीख आणि किलो लिहिलेली चिठ्ठी द्यायची. घरात वाद होतील, काही घरांत वही काढूनही घेतली जाईल. तरी आम्ही उद्धटपणा करणार नाही आणि मागेही येणार नाही. आपल्या ओट्यावर हे केल्यावरच व्यापाऱ्याच्या काट्याशेजारी उभे राहण्याचे तोंड आम्हाला येईल, आणि तिथे आम्ही उभे राहूच. वजनमापांच्या शिक्क्याची तारीख पाहू, कडता कशाचा ते विचारू, पावती मागू.

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे संध्याकाळी एकत्र अभ्यास होईल. कॉपीचे मूळ बहुतेकदा भीतीत असते. इंग्रजीतले पुस्तक कळत नाही, विचारायला कुणी नाही, आणि घरी सांगायची हिंमत नाही. ज्याला विषय कळला त्याने न कळलेल्याला त्याच्या घरच्या भाषेत समजावायचा. वर्षभर ज्याला एकटे सोडले, त्याला परीक्षेच्या दिवशी उपदेश करणे आम्हाला मंजूर नाही.

हॉस्टेलात आठवड्यातून एकदा तरी आपल्या गटाबाहेरच्या मुलाशेजारी ताट घ्यायचे. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या भाषेत निदान एवढे शिकायचे की आजाऱ्याची चौकशी करता येईल, भांडण थांबवता येईल आणि माफी मागता येईल. कुठल्याही समाजाबद्दल भडक काही फोनवर आले, तर त्या समाजातल्या ओळखीच्या माणसाला आधी फोन लावायचा. असा ओळखीचा माणूसच नसेल, तर निरोप आपल्याजवळच थांबवायचा आणि ओळख करायला निघायचे.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आम्ही पुन्हा आपलीशी करणार आहोत. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यावेत अशी तिची अपेक्षा आहे. बॅनर धरून काढलेला फोटो त्या तासांत मोजू नये, अशी आमची आमच्या प्राध्यापकांना विनंती आहे. ते तास आम्ही गावात मोजू: वृद्धांच्या पेन्शनच्या अर्जांत, शाळा सुटलेल्या मुलीच्या बापाशी बोलण्यात, आणि दवाखान्यात.

दवाखान्याचे काम आम्हाला सर्वांत जवळचे वाटते. आमच्या वाड्या-गुड्यांतली माणसे जड आजारात आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयात जातात. म्हातारीला गोंडी येते किंवा मराठी येते. चिठ्ठी इंग्रजीत असते आणि खिडकीवर तेलुगूत सांगितले जाते. पोटात कुठे दुखते, कधीपासून दुखते, गोळी जेवणाआधी की नंतर, एवढ्या तीन वाक्यांसाठी माणूस दिवसभर बाकावर बसतो. ती तीन वाक्ये आमच्याजवळ आहेत. आदिलाबादला राहणाऱ्या आमच्या मुलामुलींनी पाळीपाळीने ओपीडीच्या दारात उभे राहायचे, रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये शब्द पोहोचवायचे, आणि ऐकलेले दुखणे बाहेर कुणापाशी बोलायचे नाही. बाईच्या दुखण्याला मुलगीच सोबत जाईल.

या चळवळीला आम्ही अजून नाव दिलेले नाही. झेंडा नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. कुठल्या पक्षाचे येऊ नये असे नाही. पक्ष बाहेर ठेवून यावे. शिक्षकांनी यावे, कारण आम्हाला चुकताना टोकणारे कुणी लागेल. आईबापांनी यावे, आणि आमच्यावर चिडून यायचे असेल तर तसेही यावे. कॉलेज अर्धवट सुटलेल्यांनी जरूर यावे. शिक्षण सुटले तरी काटा आणि दवाखाना सुटलेला नाही.

शेजारच्या मंडलांतले मित्रही विचारू लागले आहेत. त्यांनी आमची वाट पाहू नये, आपल्या गावात सुरू करावे आणि काय जमले, काय फसले ते कळवावे. आमच्याकडे सध्या मराठी आणि तेलुगू बोलणारे पुरेसे आहेत. रिम्सच्या पाळ्यांसाठी गोंडी आणि कोलामी येणाऱ्या मुलींची फार गरज आहे. त्यांनी नाव आधी द्यावे.